शुद्धलेखनाचा हत्ती

शुद्धलेखनात माझा हात धरणारा सबंध मलकापुरात कुणी नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढं तुम्ही हसाल, तेव्हा एवढं लक्षात असू द्या.

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली मी 'संस्कृती-निसर्ग मंडळ' काढलं. दर रविवारी देवळासमोर फुकट वर्ग. पहिला वर्ग रानभाज्यांच्या ओळखीचा. कुणी आलं नाही. एक शेळी तेवढी आली आणि पाथरीपासून घोळीपर्यंत सगळा अभ्यासक्रम खाऊन गेली.

"येत्या रविवारी माणसं आली नाहीत ना," आमची बायको गोदावरी म्हणाली, "तर मंडळ बंद. आणि रोजचं नदीचं पाणी तुम्ही भरायचं."

मी बेधडक हो म्हटलं. मग आठवलं, हंडा उचलायला आधी वाकावं लागतं. आणि आमचं पोट एवढं, की स्वतःची वहाण कुठली हे मी अंदाजानंच ओळखतो.

तेव्हा धुळा धनगराची मेंढरं माळावर बसली होती. त्याला जाऊन गाठलं.

"तुमचा नाच आमच्या लोकांना शिकवाल का?"

"का न्हाई? गजी शिकवू की. ढोल हाय, मानसं हायती. लय झ्याक हुईल."

गजी! मी मनात हसलो. मूळ शब्द गज असणार, यांच्या तोंडी बिघडला. घरी येऊन फळ्यावर शुद्ध करून लिहिलं : 'रविवारी सकाळी देवळासमोर गजनृत्य. सर्वांनी अगत्य यावे.'

रविवारी बघतो तर काय, देवळासमोर मुंगीला वाट नाही! पार कराडाकडून बैलगाड्या आल्या होत्या. अंबूबाईच्या डोक्यावर केळ्यांचा घड, केरबाच्या खांद्यावर उसाची मोळी. रेशनच्या दिवसांत एकजण चक्क गुळाची ढेप घेऊन उभा!

"बघ," मी गोदावरीला म्हटलं, "लोकांना गुरुदक्षिणेची केवढी चाड आहे."

तेवढ्यात केरबानं विचारलं, "आवं मास्तर, कुटं बांधलाय?"

"कोण?"

"हत्ती की. फळ्याव लिवलंय न्हवं? आमच्या पोरानं अर्थ सांगितला, गज मंजी हत्ती. तुमीच शिकवलाय त्येला."

तेवढ्यात गल्लीतून ढोल घुमला. "आला, आला!" करत बायांनी पोरं मागं ओढली. आणि पांढरे अंगरखे घातलेले, हातात रंगीत रुमाल घेतलेले धुळा आणि त्याचे गडी वळणावर दिसले. केरबा त्यांच्या पाठीमागं जाऊन लांबवर बघून आला.

"हत्ती कुटाय?"

"आमी मेंढरं राखतो गड्या," धुळा म्हणाला. "हत्ती आमच्याकडं कुठनं?"

सगळं गाव माझ्याकडं वळलं. केरबानं मोळीतला एक जाडजूड ऊस उपसला. तो खाण्यासाठी नव्हता, हे मला कळलं. धुळालाही कळलं असावं. त्यानं माझ्या दोन्ही हातांत रुमाल कोंबले.

"मास्तर, या मदी. ढोलाचं ऐका. एक पाय फुडं, मग कंबर."

ढोल सुरू झाला. मी पाय पुढं टाकला. कंबर हलली. पोट जरा मागाहून आलं, पण आलं. जीव वाचवायचा म्हणून मी डावीकडं झुललो, उजवीकडं झुललो, रुमाल फडकवत गोल फिरलो. घामानं डबडबलो.

"आगं बया," अंबूबाई ओरडली, "हाय की हत्ती! मास्तरनी खोटं न्हाई लिवलं!"

आणि तिनं सोललेलं केळं माझ्या तोंडात घातलं. मग गूळ आला. केरबानं तोच ऊस मोडून पुढं केला. हसताहसता अख्खं गाव नाचात उतरलं आणि दुपारपर्यंत धुळाकडून गजी शिकत राहिलं. केरबा तर धुळानं हाताला धरून बाहेर काढेपर्यंत थांबेना!

संध्याकाळी गोदावरीनं मुकाट्यानं हंडा उचलला. मी जिंकलो होतो. थोडं पडतं घेत म्हटलं, "फळ्यावरचा तो शब्द दुरुस्त करून टाकतो."

ती दारातून वळली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"राहू द्या," म्हणाली. "आता बरोबरच आहे."