प्रभारी कावळा आणि बेलकूर चौक

फ्रान्समधल्या ल्यों शहरातला बेलकूर चौक पाहण्यासारखा आहे, असे सर्वत्र मान्य आहे. त्या दिवशी मी तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉलवर तो दाखवत होते: लाल मातीचे अफाट मैदान, मधोमध घोड्यावर बसलेला राजा. बाबा, म्हणजे अमृतराव, तेलंगणातल्या जैनथजवळच्या आमच्या गावच्या आठवडी बाजारात वांगी विकत होते.

"काय व एवढी जागा! बाजार काऊन नाई भरत?"

"लोक नुसते बसून राह्यतेत, बाबा."

"अन् कोनी उठवत नाई?" त्यांना हेवा वाटला. "थांब, गिऱ्हाईक आलं." फोन त्यांनी वांग्यांवर ठेवला. मला बराच वेळ बाजारावरचे आभाळ दिसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले.

मी गावी पोहोचले. दहाव्याला पैनगंगेच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. मृताची इच्छा राहिली असणार, म्हणून ती पुरवण्याचे तोंडी आश्वासन देण्याची प्रक्रिया सुरू झाली.

भगवानकाका हात जोडून म्हणाले, "दादा, शेताची वाटनी माह्या मनासारखी, म्हंजे तुमच्याच मनासारखी करू."

कावळा फांदीवरून हलला नाही. मग गावचे पुढारी उद्धवराव पुढे झाले.

"अमृतराव, बाजार उठवून तिथं तुमी फोनात पाह्यला तसा फ्रान्सवानी चौक बांधू. नाव तुमचंच!"

टाळ्या पडल्या. कावळा उडून पलीकडच्या काठावर, म्हणजे महाराष्ट्रात गेला.

"आता तो आपल्या अखत्यारीत नाई," उद्धवरावांनी जाहीर केले.

शास्त्रात पर्यायी व्यवस्था होतीच. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. या प्रभारी कावळ्याने वाटणी आणि चौक, दोन्ही विषय एका स्पर्शात मंजूर केले.

"बाजारवाल्यांनी कुठं जावं?" आईने विचारले.

"चौकातच यावं ना, वैनी! नुसतं बसावं. टोपली आनाची नाई."

मग चपला घालता घालता उद्धवराव म्हणाले, "कोनाची हरकत?"

घरी पाने वाढायला घेतली होती. अशा वेळी हरकत घ्यायची नसते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्हीही कधी घेतली नसेल.

मी नदीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "हरकत माही हाय. बाबा, फ्रान्सच्या त्या चौकात मी रोज एकटीच बसते. मले तुमच्या बाजूला, बाजारात बसाचं होतं."