पॉलिश पुसणारे शरदकाका

आमच्या समोरचे शरदकाका मोटारीला कधी पॉलिश लावत नसत. ते फक्त पुसत. तेही दुसऱ्याने लावलेलं.

दाराच्या कडेला, नंबरप्लेटच्या फटीत पॉलिशचा पांढरा थर सुकलेला दिसला की त्यांना चैन पडत नसे. खिशात जुना टूथब्रश आणि मऊ फडकं कायम. सावली गावच्या एका लग्नात ते नवरदेवाच्या सजवलेल्या मोटारीचं हँडल घासत बसले आणि पाठवणी खोळंबली.

"अहो, नवरी ताटकळलीय!"

"मग? तिला काय असलं हँडल धरायला लावणार?"

त्यांचे कायमचे आरोपी म्हणजे माझे बाबा. दर रविवारी बाबा आमच्या जुन्या मोटारीला सढळ हाताने पॉलिश लावत आणि मागोमाग काका हजर.

"अरुण, मोटार आहे ही. पुरीवर श्रीखंड वाढतोयस का?"

"तुला बोलावलंय कुणी?"

"कुणी नाही. पण बघवत नाही ने, भाई!" काकांच्या मराठीत आमच्याकडची गुजराती अशी डोकावायची.

पुसून झालं की दोघं ओट्यावर बसून सेव-उसळ खात.

बाबा गेले ते रविवारीच. नुकतंच बॉनेटला लावलेलं पॉलिश तसंच सुकलं. त्यानंतर काका आमच्या अंगणात फिरकले नाहीत. आईला आणि मला मोटार चालवता येत नव्हती. ती विकायचं ठरलं, तेव्हा आई म्हणाली, "शरदभावजींनाच सांग. दुसऱ्या कुणाला ते सुकलेलं पॉलिश निघायचं नाही."

काका आले. बॉनेटवर बाबांच्या हाताचे गोल वळसे पांढरे उमटले होते.

"आज ऊन फार आहे, दीकरा," म्हणाले आणि गेले. पुढच्या खेपेला म्हणे फडकं बरोबर नव्हतं. मग पाठ धरली.

पादरा गावाहून गिऱ्हाईक यायच्या सकाळी मात्र ते आले. इतकं सुकलेलं पॉलिश ओल्या पॉलिशनेच सुटतं. म्हणून काकांनी पहिल्यांदाच बोटावर पॉलिश घेतलं, एकेका वळशावरून फिरवलं आणि पुसलं.

गिऱ्हाईक खूश झालं. किल्ली घेऊन तो तरुण निघाला, तेवढ्यात काकांनी खिडकीवर हात ठेवला. "भाई, रविवारी गाडी इकडे आणत जा. पॉलिश लावायचं काम तुमचं, तमे लगाडजो. पुसायला मी आहे."

"अरे काका, एटली बधी तकलीफ कशाला?"

"तकलीफ कसली!" काकांनी खिशातला टूथब्रश चाचपला. "फक्त जरा जाडं लगाडजो."