एकदा सुरू झाली की

“तापते म्हणजे? या वयात कोण तापत नाही?” मी मुलाला विचारलं. शेगडीवर दूध उतू जात होतं, ते जाऊ दिलं.

मुलगा फोन खिशात कोंबत होता. (पन्नाशीला टेकला तरी लपवायची जागा तीच.) मी सगळं दाराआडून ऐकलं होतं. म्हणजे दाराआडून नव्हे, दारापाशी माझं काम होतं. तो कुणाला तरी विनवत होता, “म्हातारीला महिनाभर ठेवून घे. एकदा सुरू झाली की थांबत नाही, कारण नसताना तापते, रोज तेल लागतं, वर दिवसभर कुरकुर. आम्ही दोघंही टेकीला आलोय.”

आमच्या घरात म्हातारी एकच. खाली उभी असते ती छोटी गाडी. (माझंही वय झालंय, पण ते वेगळं.) माझी शाळा चौथीतच सुटली, पण गाडी मी कुठल्याही क्लासला न जाता शिकले, रिकाम्या मैदानात, रागाच्या भरात. बॉनेट उघडून नुसता आवाज ऐकला की दुखणं सांगते. बाजारात जायला मला कुणाची मिनतवारी करावी लागत नाही, ते तिच्याच जिवावर. या वयाची गाडी एकदा गॅरेजात मुक्कामाला गेली की परत येत नाही. मग मी यांच्या गाडीत मागे, मांडीवर पिशवी घेऊन बसायचं आणि सूनबाई म्हणेल तिथे उतरायचं!

“आई, तू अर्धवट ऐकलंस.”

“पुरतं ऐकलंय. थांबत नाही म्हणे! चावी काढली तरी इंजिन चार झटके देतं, एवढंच ना? गिअर टाकून क्लच हळूच सोडला की गप्प होते. प्रत्येकीची एक कळ असते, ती शोधावी लागते.”

“बरं,” मुलगा फरशीकडे बघत म्हणाला.

“आणि तापते, कारण तुम्ही तिला कधी पाणी विचारत नाही.”

सूनबाईने मुकाट्याने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवला. मी तो बाजूला सारला. विषय गाडीचा होता.

“राहिलं तेल. जुन्या सांध्यांना तेल लागायचंच! आणि कुरकुरेल नाही तर काय करेल? येता-जाता दारं आदळता तुम्ही.”

“अगं, गाडी कुठेही जात नाहीये. शपथ.”

“मग कोण जातंय?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला तेवढं पुरे होतं. चोरी पकडली गेली की माणसं अशीच बघतात.

“लाव फोन,” मी म्हटलं. “माझ्यासमोर लाव त्या गॅरेजवाल्याला. सांग, म्हातारी कामातून गेलेली नाही, आम्हालाच हाताळता येत नाही. आणि महिनाभर ठेवून घ्यायची एवढी हौस असेल ना, तर म्हणावं, स्वतःची आई नेऊन ठेव!”

मुलाला ठसका लागला. सूनबाईने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

“आई, तो फोन गॅरेजला नव्हता, वन्संना होता.”