मेंढराचं डोकं आणि सायकलचा सांगाडा

साहेब, चूक तुमच्या कचेरीची आहे. डोंगरातल्या मेंढपाळांच्या तळांवर जन्मलेल्या पोरांची नोंद करायला तुमचा माणूस कधीतरी घोड्यावरून उगवायचा, घोडीच्या दुधाचं आंबट कुमीस ढोसायचा आणि समोर जेवढी पोरं रांगत असतील त्या सगळ्यांना एकच तारीख ठोकून द्यायचा: एक जानेवारी. वर्षही एकच. त्याचं पोट भरलं, तुमचा कागद भरला आणि कोचकोरच्या वरच्या अंगाला आमच्या गावात सागिनबाय आणि तुर्दुबेक हे शेजारी म्हातारे होईपर्यंत भांडत राहिले.

भांडण एवढंच, की मोठा कोण? मेजवानीत मेंढराचं डोकं सगळ्यांत वडील माणसापुढे येतं. आमच्याकडे बारा वर्षांना बारा प्राण्यांची नावं; तुर्दुबेक मेंढीच्या वर्षातला, म्हणजे पंचावन्नचा, हे गावाला ठाऊक होतं. सागिनबाय स्वतःला त्याआधीच्या घोड्याच्या वर्षातला म्हणवायचा. पुरावा? "मी जन्मलो त्याच दिवशी बाबांनी बाजारातून कोरी सायकल आणली!" सायकल कुठे होती कुणास ठाऊक, पण सागिनबायचा आवाज मोठा होता. त्यामुळे इतकी वर्षं डोकं तोच खात होता.

या वसंतात त्याच्या मेंढवाड्याचं कुंपण कोसळलं आणि मोडक्या फळीच्या जागी तारेनं बांधलेली तीच सायकल बाहेर आली. सागिनबायनं ती अंगणात उलटी टाकली, रॉकेलची बाटली घेतली आणि कुंपणावरून हाक मारली, "ये रे तुर्दुबेक! तुझा मोठा भाऊ किती मोठा आहे ते बघून जा!"

तुर्दुबेक आला. मागच्या चाकाचा तुंबा घासल्यावर धातूवर आकडा उमटला: चोपन्न.

"घोडा!" सागिनबाय नाचला. "अगं बुरुलचा, ऐकलंस का? घोडा!"

"ऐकलं," त्याची बायको चुलीजवळून म्हणाली. "आता घोड्यानं सरपण आणावं."

"दादा, तुम्ही आम्हाला वडील, पण चाक म्हणजे काय सायकल झाली?" तुर्दुबेक म्हणाला. "जुनं चाक नव्या सांगाड्यात बसतं. सांगाडा घासा."

"घासतो! घाबरतो का काय?"

घाबरायला हवं होतं. सीटच्या खाली रंग खरवडला तेव्हा लांबलचक क्रमांक निघाला आणि त्याच्या शेवटी गंजलेलं वर्ष. तुर्दुबेकनं चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "छप्पन! माकड! सांगाडाच नव्हता तर तुझा बाप कशावर बसून आला रे? चाकावर? आणि सायकल आली त्या दिवशी जन्मलास ना? मग तू माझ्याहून लहान!"

सागिनबायनं रॉकेलची बाटली खाली ठेवली. आयुष्यभर स्वतःच सांगितलेली गोष्ट आता परत कशी गिळायची?

"चहा ओत, धाकट्या," तुर्दुबेक ऐसपैस बसत म्हणाला.

सागिनबायनं वाटी काठोकाठ भरून दिली. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला अर्धीच वाटी देतात. भरलेली वाटी म्हणजे 'निघा आता'. तुर्दुबेकनं ती मिटक्या मारत संपवली.

शनिवारी शाळामास्तरांच्या नातवाच्या मेजवानीत डोकं तुर्दुबेकपुढे आलं. सगळे बघत होते. आता रीतीप्रमाणे डोकं मानकऱ्यानंच वाटायचं: कान पोरांना कापून द्या, टाळू मुलींना द्या, डोळा जवळच्या माणसाला द्या. प्रत्येक घासाला कुणीतरी म्हणे, "आजोबा, आशीर्वाद द्या." दोन भाऊ पाटाच्या पाण्याचं भांडण घेऊन आले. मग ताटकळलेल्या व्याह्यांसाठी भाषण. सगळं उरकेपर्यंत तुर्दुबेकच्या वाट्याला गार चरबी आणि जबड्याचं हाड उरलं.

सागिनबाय दाराजवळ, धाकट्यांच्या रांगेत. त्याच्यापुढे गरम बरगडी आली, मग दुसरी. आशीर्वाद कुणी मागितला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो मेजवानीतून पोटभर जेवून उठला. घरी येऊन म्हणाला, "बुरुलचा, इतकी वर्षं मी तिथे काय करत होतो गं?"

"उपाशी येऊन माझं डोकं खात होतास," ती म्हणाली.

सकाळी तुर्दुबेक हातात कानस घेऊन दारात उभा. "सागिनबायदादा, मी रात्रभर विचार केला. तो आकडा सहा नसावा. गंज होता. चार असेल. घोडाच तुम्ही! जरा परत घासून बघू."

सागिनबायनं अंगणात बोट दाखवलं. सायकल हिरव्यागार रंगात चमकत होती. सीटखाली तर रंगाचे इतके थर होते, की तिथे क्रमांक काय, नळीही दिसत नव्हती.

"तुर्दुबेकदादा," तो वाटी अर्धीच भरत अतिशय नम्रपणे म्हणाला, "तुम्ही वडील. तुमच्यापुढे मी काय बोलणार? घ्या, चहा घ्या."

तेव्हा साहेब, आता तुम्हीच बोला. पुढच्या शनिवारी आणखी एक मेजवानी आहे, तुर्दुबेक जायला तयार नाही, सागिनबाय कानस लावू देत नाही आणि मेंढरू कापायचं ठरलं आहे. आमची माणसं खरी कधी जन्मली? उत्तर द्या!