घाटावरून सरळ

आमच्या शेजारच्या शांतारामनानांच्या घरात माणूस जमिनीवर राहतो आणि कागद छताला. छताच्या हुकांना त्यांनी दोन कप्प्या बांधल्या आहेत. एका दोरीला औद्योगिक वसाहतीतून आणलेला घट्ट झाकणाचा निळा ड्रम, दुसरीला लहानसा लाल डबा. पाहुण्यानं वर पाहिलं की नाना सांगतात, "सावित्री नदी घरात आली तर मी भिजेन. कागद भिजणार नाय."

महाडात पुराचं कुणाला नवल नाही. एका पुरात नानांची दहावीची गुणपत्रिका गेली, तेव्हापासून ही युक्ती. ड्रम गरजेपुरता उतरतो. लाल डबा मात्र ते रोज संध्याकाळी खाली घेतात. त्यातही महत्त्वाचे कागद असणार, असं मी धरून चाललो होतो.

नाना तीस वर्षं पोलादपूरहून महाबळेश्वरच्या घाटात एसटी चालवून निवृत्त झालेले. सुलोचनावहिनी गेल्यापासून घरात एकटेच. अशा वयात माणसं भजनाला जातात, जवळच्या सव गावच्या गरम झऱ्यात गुडघे शेकत बसतात. नानांनी एका सकाळी मला बोलावून सांगितलं, "मास्तर, विमान शिकायचं हाय. जन्मभर घाटाला वळसे घातले. आता एकदा सरळ जायचं."

मी शाळेत शिकवतो, त्यामुळे गल्लीतले सगळे अर्ज माझ्याच गळ्यात येतात. म्हटलं, चार दिवसांत उतरेल खूळ. पण घाटमाथ्यावरच्या एका फ्लाइंग क्लबानं कळवलं की वयाची अडचण नाही, फक्त कागद आणा. त्या 'फक्त'मध्ये आमची दोन वर्षं गेली.

दहावीची मूळ गुणपत्रिका हवी. नानांची जुनी शाळा म्हणाली, रजिस्टर पण पुरात गेलं, वरच्या कार्यालयात जा. कार्यालय म्हणालं, शाळेचं पत्र आणा. शाळा म्हणाली, कार्यालयानं मागितल्याशिवाय पत्र कसं देऊ? नाना चिडत नसत. ड्रम उतरवायचे, आलेलं उत्तर आत ठेवायचे आणि म्हणायचे, "पुढं वळण हाय मास्तर. गियर बदला." शेवटी एक दिवस नाना शाळेत आणि मी कार्यालयात ठाण मांडून बसलो, तेव्हा कुठे दोन्ही पत्रं निघाली.

चारित्र्याच्या दाखल्यासाठी चौकीत गेलो. हवालदारानं अर्ज दोनदा वाचला.

"विमान ठेवणार कुठं?"

"माझं नाय साहेब, क्लबाचंच. मी फक्त चालवणार."

"परत आणून देणार ना?"

नानांनी तसं लिहून दिलं.

वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, उंचावर चक्कर येते का. नाना म्हणाले, "घाटात मागच्या चाळीस जणांना यायची. मला नाय आली कधी." ठणठणीत निघाले. पण गुणपत्रिकेची दुसरी प्रत हाती पडेपर्यंत तपासणीची मुदत संपली. ती परत करून घेतली, तोवर चारित्र्य शिळं झालं. तेही ताजं करून आणलं.

अखेर सगळे कागद एकाच वेळी जिवंत असल्याचा दिवस उगवला. माझ्या बायकोनं शिरा केला. आणि आठवड्यातच क्लबाचं पत्र आलं: तातडीच्या प्रसंगी ज्यांना कळवायचं, त्यांचा फोन कोणी उचलत नाही. मंगळवारी अकराला शेवटचा फोन करू, नाहीतर अर्ज रद्द. म्हणजे पुन्हा पहिल्या वळणापासून सुरुवात, आणि नाना आता त्रेसष्टचे. तो रकाना त्यांनी स्वतः भरला होता, मला बघूही दिला नव्हता.

मंगळवारी मी त्यांच्याकडे जाऊन बसलो.

"नंबर कुणाचा दिलात नाना?"

अकरा वाजले आणि छताशी फोन वाजायला लागला. लाल डब्यात.

नानांनी दोरी सैल केली. डबा खाली आला. आत सुलोचनावहिनींचा फोन होता, पूर्ण चार्ज केलेला. वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"सगळ्यात जवळचं माणूस कोण, असं विचारलंय," नाना म्हणाले. "खोटं कसं लिहू?"

"मग उचलत का नाही?"

"तिचा फोन हाय. ती असताना मी कधी उचलला नाय."

एरवी मी नानांची थट्टा करायची संधी सोडत नाही. त्या दिवशी सोडली. फोन बंद होईल म्हणून शेवटी मीच उचलला. पलीकडच्या बाईंनी सुलोचनाबाईंना द्या म्हणून सांगितलं. त्या वारल्याचं मी सांगितलं. बाई हळूच म्हणाल्या, "मग जवळचं म्हणून कोणाचं नाव लिहू?"

नाना दोरीला नसलेली गाठ सोडवत होते.

"लिहा," मी म्हणालो, "धाकटा भाऊ." माझं नाव सांगितलं. "आणि नंबर हाच राहू द्या."

बाई म्हणाल्या, सोमवारी पाठवा त्यांना.

मी फोन डब्यात ठेवायला गेलो, तर नानांनी माझा हात धरला. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांनी मला मास्तर म्हणत अहो-जाहोच केलं होतं.

"तुझ्याकडं ठेव तो," ते म्हणाले. "मी वर असेन. वाजला तर खाली कुणीतरी उचलायला पायजे."