सगुणाबाईंकडे नेलेलं फराळाचं ताट

हात वर करायला तोंड उघडावं लागत नाही, एवढ्याच विचारानं मी हात वर केला. शरयूबाई वर्गात विचारत होत्या, "लढाईची महागाई आहे. यंदा ज्या घरांत कढई चढली नाही, तिथं फराळ कोण नेऊन देईल?" (हात वर केलेल्या मुलीला बाई दुसरा प्रश्न विचारत नाहीत, हा माझा जुना अनुभव.)

माझ्या वाट्याला सगुणाबाईंचं घर आलं. त्यांचे यजमान कारभारी जालन्यातच सरकी काढायच्या जिनिंग गिरणीत कापसाच्या गाठी उचलतात. एकुलता एक मुलगा मच्छिंद्र पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेलेला. सात महिने पत्र नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी गेले, म्हणजे बघा.

आईनं करंज्या, शेव आणि दोन लाडू मांडून वर पांढरं फडकं झाकलं. म्हणायचं वाक्य बाईंनीच दिलं होतं: "शाळेकडून आणलंय, दिवाळीचं आहे, गोड मानून घ्या." ते मी रस्ताभर घोकलं आणि दारात पोचताच विसरले.

सगुणाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या.

"कारकुनाची उमा ना गं तू? काय आणलं?"

मी ताट पुढं केलं. त्यांनी फडकं उचललं आणि त्यांचं सूप हातातच थांबलं.

आमच्याकडे ज्या घराशी देवघेव नाही, तिथं झाकलेला फराळ एकाच कारणानं जातो: त्या घरात कोणी वारलेलं असलं तर. दुखवट्याच्या घरी कढई चढत नाही, म्हणून लोक नेऊन देतात. काही न बोलता, खाली मान घालून. मी नेमकी तशीच उभी होते. (मी कुठंही तशीच उभी राहते.)

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "तुला काही सांगायला लावलंय का?"

मी होकारार्थी मान हलवली. सांगायला तर लावलंच होतं.

"मंग बोल ना! का रडून राह्यली?"

वाक्य आठवेना म्हणून मी रडत होते. पण ते सांगायलाही वाक्यच लागतं.

सूप खाली पडलं. सगुणाबाईंनी "माझा मच्छिंद्र गं!" असा हंबरडा फोडला, की शेजारच्या पुष्पाबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या आणि काय झालं हे न विचारता गळ्यात पडून रडू लागल्या. समोरच्या घरातले म्हातारे कडूबा डोक्याचा रुमाल काढून ओट्यावर बसले.

"खबर कोणी आणली?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तार कुठंय?"

मी ताट दाखवलं.

तेवढ्यात कोणीतरी कारभारींना बोलावून आणलं. डोक्यात कापूस तसाच, ओठ पांढरे पडलेले. ते माझ्यापुढं उकिडवे बसले. "लेकरा, भिऊ नको. काय असंल ते सांग."

आणि तेव्हा, नको तेव्हा, मला ते वाक्य आठवलं. मी डोळे मिटून मोठ्यानं म्हटलं, "शाळेकडून आणलंय, दिवाळीचं आहे, गोड मानून घ्या!"

पुष्पाबाईंनी मिठी सोडली. कडूबांनी रुमाल परत गुंडाळला.

"म्हंजे माझा मच्छिंद्र गेला न्हाई?" सगुणाबाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी खरं ते सांगितलं. (शाळेत खरं बोलायला शिकवतात, केव्हा बोलू नये ते शिकवत नाहीत.)

त्या पुन्हा रडू लागल्या, पण आता आवाज न करता. ताट मात्र घेतलं नाही. फडकं नीट झाकून माझ्या हातात दिलं. "तो आल्यावर मीच कढई चढवीन. आज हे घशाखाली जायचं न्हाई."

दिवाळी सरली. पत्र अजून नाही. माझी शाळेची वाट त्यांच्याच दारावरून जाते. सगुणाबाई उंबऱ्यात डाकवाल्याची वाट बघत असतात, आणि मी गल्लीच्या तोंडाशी दिसले की त्यांच्या छातीत धस्स होतं. म्हणून त्यांनी मला बजावलंय, "लांबूनच ओरडून सांगत जा, मंग पुढं ये."

तेव्हा हजेरीलाही जिचा आवाज निघत नाही अशी मी, रोज सकाळी दप्तर छातीशी धरून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते, "मावशी, कोणी गेलं नाही, काही आलं नाही, नुसती मीच आहे!"