शर्वरीसाठी ब्लेंडर

शर्वरीचा साखरपुडा साडेचारचा, आणि अडीचला दीपमालाचा फोन आला की ती मिरवणुकीमुळे हैदराबादच्या आबिड्स भागाअलीकडे अडकली आहे. दीपमाला म्हणजे मेकअपवाली. रंग जुळतो का पाहायला फाउंडेशनची बाटली ती कालच शर्वरीकडे ठेवून गेली होती. ते लावायचं सामान मात्र तिच्यासोबत रिक्षात बसून होतं.

मधुकरराव तेव्हा नारायणगुड्याच्या चौकात हार घेत होते. नातीनं, शर्वरीनं त्यांना फोन केला.

"आजोबा, येताना एक ब्लेंडर आणा. जल्दी!"

"कसा आणू?"

"कसापण चालेल. सगळं एकदम स्मूद झालं पाहिजे, बस!"

पाहुण्यांसाठी केलेल्या पन्ह्यात कैरीच्या गाठी राहिल्या असणार, हे मधुकररावांनी ओळखलं. ते समोरच्या भांड्यांच्या दुकानात शिरले.

"क्या पीसना है, चचा?"

"कैरी. पोती की मंगनी है, एक भी गाठ नक्को रहना."

"तो ये लेके जाओ. पत्थर का भी शरबत बनाता."

घरी शर्वरीनं खोकं उघडलं. आतली चकचकीत पाती तिनं आजोबांसमोर धरली.

"आजोबा, हे मी तोंडावर फिरवू?"

मग उलगडा झाला. तिला हवा होता तो अंड्याएवढा मऊ स्पंज. ओला करून त्यानं फाउंडेशन हलकं हलकं थापायचं असतं. मधुकरराव ओशाळले. परत जाऊन आणतो म्हणाले, पण सूनबाई अपर्णा त्यांना पुन्हा पाठवायला तयार नव्हती. तिनं पोळीला तूप लावायचा ब्रश धुऊन आणला. त्याचा एक केस गळून शर्वरीच्या हनुवटीला चिकटला आणि गालाला साजूक तुपाचा वास आला. मग भांडी घासायचा कोरा स्पंज निघाला. "हिरवी बाजू नको, पिवळीनं लाव," अपर्णानं बजावलं. पिवळीनं लावल्यावर गालावर जाळीदार डोसा उमटला.

शर्वरी रडकुंडीला आली.

"मी करू का?" मधुकररावांनी विचारलं.

पोस्टातली नोकरी सांभाळून मधुकररावांनी तीस वर्षं मराठी मंडळाच्या नाटकांची रंगभूषा केली होती. मग नट मंडळी पुण्याला, अमेरिकेला पांगली. उरलेल्यांच्या मुलांना मराठी वाचताना अडखळायला व्हायचं. संहिता कोण पाठ करणार? नाटक बंद पडून बारा वर्षं झाली होती.

"कशानं करणार?"

"बोटांनी."

नाइलाजानं शर्वरी खुर्चीवर बसली. मधुकररावांनी जोमानं काम केलं. शेवटच्या रांगेलाही चेहरा दिसला पाहिजे, ही हाताची जुनी सवय. शर्वरीनं आरसा घेतला आणि किंचाळली.

"अय्यो! साखरपुडा माझाच आहे ना? यात मी नवऱ्याची आजी दिसतेय!"

तोंड धुऊन झालं. आता साडेतीन वाजले होते. या वेळी त्यांनी थेंबभरच फाउंडेशन मनगटामागे घेतलं, ऊब लागू दिली आणि अनामिकेनं टिपत टिपत निघाले. कपाळ झालं, नाक झालं. डाव्या गालावर बोट खळीपाशी आलं आणि थांबलं.

अशीच खळी वासंतीला होती. शहात्तर साली, पहिल्याच नाटकात, तिच्या गालाला रंग लावताना त्यांचा हात थरथरला होता. "हात का कापतोय तुमचा?" तिनं विचारलं होतं. "उजेड कमी आहे," असं ते खोटंच म्हणाले होते. पुढं दोघांचं लग्न झालं, संसार झाला. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

"आजोबा, काय झालं?"

"काही नाही गं. उजेड जरा कमी आहे."

सव्वाचारला दीपमाला धापा टाकत आली आणि शर्वरीला खिडकीपाशी नेऊन न्याहाळत राहिली. "कोणी केलं हे? मला ब्रशनंही एवढं बेमालूम जमत नाही," ती म्हणाली आणि सामानाची पिशवी न उघडताच खाली ठेवली.

हे नेमकं वराच्या आईनं, वृषालीताईंनी ऐकलं. मे महिन्याच्या घामानं त्यांचा मेकअप ओघळला होता. "आमचंही जरा बघता का?" त्यांच्यामागून वराची मावशी आली, मग आत्या. नाकावरच्या पुटकुळीसाठी खुद्द वरही येऊन गेला. आतल्या खोलीत रांग लागली. "मान वर. हसू नका. ओठ मिटा," मधुकररावांचा आवाज बारा वर्षांनी रंगपटातला झाला होता. बाहेर अंगठ्या घातल्या गेल्या, टाळ्या पडल्या. पहिला अंक संपला, असं त्यांना वाटलं आणि ते उरलेल्या आत्याकडे वळले.

आठवड्यानं फोटो आले. अपर्णाला फार वाईट वाटलं. "बाबा, एवढे दोनशे फोटो, आणि तुम्ही एकाही फोटोत नाही!"

मधुकररावांनी चष्मा लावला. एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"वृषालीताईंच्या कानामागं लावायचं राहिलं की गं," ते हळहळले. "लग्नाच्या दिवशी त्यांना जरा लवकर यायला सांग."